ई. एस. आर. वाढला म्हणजे नेमके काय झाले?

विज्ञानातील काही शब्द प्रयोगशाळेतून निघतात आणि थेट माजघरात येऊन बसतात. ‘बी. पी.’ आणि ‘शुगर’ यांच्या जोडीला असाच येऊन बसलेला तिसरा शब्द म्हणजे ‘ई. एस. आर.’. घरात कुणाला पंधरा दिवस बारीक ताप येतो, सांधे दुखू लागतात, वजन उतरते. मग रक्त तपासले जाते आणि इतर दहा-पंधरा आकड्यांबरोबर हाही आकडा कागदावर उमटतो. तो मर्यादेपेक्षा अधिक असला की घरातले वातावरणच बदलून जाते. आमच्या बेळगाव-खानापूर भागात ‘ई. एस. आर. वाढला’ या वाक्याचा अर्थ अजूनही पुष्कळ घरांतून ‘क्षय झाला’ असाच घेतला जातो. मग घरात मराठी बोलत असोत की कन्नड.

मी प्राणिशास्त्र शिकवतो. मी डॉक्टर नव्हे, आणि कुणाला औषध सुचवण्याचा मला अधिकारही नाही. परंतु शरीरक्रियाशास्त्राच्या तासाला रक्ताचा विषय निघाला, की तास संपल्यावर दोन-तीन विद्यार्थी हमखास घरातला एखादा रिपोर्ट घेऊन माझ्या टेबलापाशी येतात. त्यांना मी वेळोवेळी जे तोंडी सांगत आलो, ते एकदा सविस्तर लिहून काढावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. सांगायची गोष्ट एकच आहे : ई. एस. आर.चा आकडा हिमोग्लोबिनच्या आकड्याशेजारी ठेवून वाचला नाही, तर तो आकडा आपल्याला फसवतो. ज्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, तिथे ही फसवणूक किरकोळ म्हणता येत नाही.

नळीतला एक तास

ई. एस. आर. म्हणजे तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग. परीक्षा अगदी साधी आहे. शिरेतून रक्त घ्यायचे, ते गोठू नये म्हणून चार भाग रक्तात एक भाग सोडियम सायट्रेटचे द्रावण मिसळायचे, आणि ते मिश्रण एका काचेच्या नळीत भरून नळी तासभर उभी ठेवायची. वेस्टरग्रेन पद्धतीची ही नळी सुमारे ३० सेंटिमीटर लांब असते, तिचा आतला व्यास अडीच मिलिमीटर असतो आणि तिच्यावर ० ते २०० मिलिमीटरच्या खुणा असतात. तासाभरात तांबड्या पेशी खाली सरकतात आणि वर पिवळसर, नितळ रक्तद्रवाचा थर राहतो. त्या थराची मिलिमीटरमधील उंची हाच ई. एस. आर. आता अनेक ठिकाणी यंत्रे हे काम अर्ध्या तासाहून कमी वेळात उरकतात. पण त्यांचा निकालही शेवटी या जुन्या नळीशीच ताडून पाहिला जातो.

साधारणपणे पन्नाशीच्या आतील पुरुषांत १५ पर्यंत आणि स्त्रियांत २० पर्यंतचा आकडा स्वाभाविक मानतात. वयाबरोबर तो थोडा चढतो. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये सुचवलेला एक सोपा नियम डॉक्टर मंडळी अजून वापरतात : पुरुषाच्या वयाला दोनाने भागावे, स्त्रीच्या वयात दहा मिळवून मग दोनाने भागावे. जे उत्तर येईल ती वरची मर्यादा.

आता ‘वेग’ हा शब्द आला, तेव्हा आपण भौतिकशास्त्राच्या हद्दीत शिरलोच. बी. एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी एरंडेल तेलाने भरलेल्या उंच नळीत पोलादी गोळ्या सोडून स्टोक्सचा नियम पडताळून पाहिलेला असतो. स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलेला तो नियम सांगतो की, द्रवात पडणाऱ्या गोळीचा वेग तिच्या आणि द्रवाच्या घनतेतील फरकावर आणि तिच्या त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असतो, आणि द्रवाच्या चिकटपणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. तांबड्या पेशीची घनता सुमारे १.०९५, रक्तद्रवाची सुमारे १.०२५. पेशी गोल नसून मधे दबलेल्या चकतीसारखी असते. पण तेवढ्याच आकारमानाचा गोळा कल्पिला, तर त्याची त्रिज्या पावणेतीन मायक्रॉनच्या आसपास भरते. हे आकडे सूत्रात घातले, तर एकटी पेशी तासाला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर खाली जाईल, असे उत्तर येते.

मग काही रुग्णांत हा आकडा ६० किंवा ८० कसा होतो? उत्तर त्रिज्येच्या वर्गात आहे. पेशी एकेकट्या पडत नाहीत. त्या एकमेकींना चपट्या अंगाने चिकटतात आणि भाकरींच्या चवडीसारखी त्यांची चवड तयार होते. आठ पेशी एकत्र आल्या की त्यांच्याएवढ्या गोळ्याची त्रिज्या दुप्पट होते आणि वेग चौपट. सत्तावीस पेशी एकत्र आल्या की त्रिज्या तिप्पट, वेग नऊपट. चवड जितकी मोठी, तितकी ती झपाट्याने तळ गाठते. परीक्षेच्या तासातली पहिली दहा मिनिटे या चवडी रचण्यात जातात, पुढची चाळीसेक मिनिटे त्या वेगाने खाली सरकतात, आणि शेवटची दहा मिनिटे तळाशी दाटीवाटीने बसण्यात संपतात.

चवडी केव्हा रचल्या जातात, हे समजायला आपल्या घरातली तुरटी पुरेशी आहे. पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी घागरीत भरून ठेवले, तर मातीचे बारीक कण कितीतरी वेळ तरंगत राहतात, कारण त्या प्रत्येक कणावर ऋण विद्युत्भार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीचा खडा फिरवला की हा भार शमतो, कणांचे पुंजके होतात आणि गाळ पाहता पाहता खाली बसतो. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरही ऋणभार असतो, म्हणून निरोगी रक्तात त्या एकमेकींपासून अंतर राखून असतात. शरीरात कुठे दाह सुरू झाला, की यकृत फायब्रिनोजेन नावाचे लांबट प्रथिन जास्त प्रमाणात तयार करते. हे प्रथिन, आणि त्याच्या खालोखाल रक्तातील ग्लोब्युलिने, पेशींमधला दुरावा मोडतात. फायब्रिनोजेन म्हणजे रक्तातली तुरटीच म्हणा ना! ई. एस. आर. वाढला म्हणजे दाह आहे, हा जो सर्वसाधारण समज आहे, त्याचा शास्त्रीय आधार इतकाच आहे.

पहिल्याच दिवशी सांगितलेली गोष्ट

या परीक्षेचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण आपला मुद्दा त्यातच दडलेला आहे. एडमंड बिएरनात्स्की या पोलिश वैद्याने १८९७ मध्ये रक्त खाली बसण्याच्या वेगाचा पद्धतशीर अभ्यास मांडला. प्रत्येकाच्या रक्ताचा हा वेग वेगळा असतो, फायब्रिनोजेन वाढले की वेग वाढतो, तापाच्या आजारांत तो वाढलेला आढळतो, ही निरीक्षणे त्याने नोंदवली. त्यांच्याच बरोबर आणखी एक निरीक्षण होते : ज्या रक्तात पेशी कमी, ते रक्त लवकर खाली बसते. म्हणजे रक्तक्षयाचा हा घोटाळा पुढे कुणाला अपघाताने सापडलेला नाही; परीक्षेच्या जन्माबरोबरच तो माहीत होता.

पुढे स्वीडनमधील रॉबर्ट फोरियस याने १९१८ च्या सुमारास गरोदर स्त्रियांचे रक्त लवकर खाली बसते हे पाहिले आणि प्रारंभी गर्भनिदानासाठी त्याचा उपयोग होईल असे त्याला वाटले. त्याचाच देशबंधू आल्फ वेस्टरग्रेन याने १९२१ मध्ये क्षयाच्या रुग्णांवर ही पद्धत वापरून तिला आजचे रूप दिले. ई. एस. आर. आणि क्षय यांची जोडी लोकांच्या मनात बसली ती तेव्हापासून. त्या काळी क्षयावर नेमके औषध नव्हते. रुग्ण आरोग्यधामात महिनोन्‌महिने राहत, आणि आजार चढतो आहे की उतरतो आहे हे पाहायला ही स्वस्त नळी फार उपयोगी पडे. ध्यानात घ्यायचे ते हे की, ती आधीच ठरलेल्या रोगाची चाल मोजत होती. रोग कोणता हे सांगत नव्हती. आज क्षयाचे निदान थुंकीची तपासणी, तिच्यातील जंतूंच्या जनुकांची चाचणी आणि छातीचा फोटो यांवरून होते. एकट्या ई. एस. आर.वरून क्षय ठरवणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होय.

गर्दी ओसरली की

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रक्तात पेशी कमी झाल्या, तर उरलेल्या पेशी जास्त वेगाने का पडाव्यात?

गणपती विसर्जनाच्या रात्री भर मिरवणुकीत उलट दिशेने चालण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल, त्याला हे चटकन कळेल. नळी बंद असते. पेशी खाली जातात, तेव्हा त्यांनी सोडलेली जागा भरायला तेवढाच रक्तद्रव वर यावा लागतो. हा वर चढणारा प्रवाह पडणाऱ्या पेशींना अडवतो. निरोगी पुरुषाच्या रक्तात शंभर भागांत सुमारे ४५ भाग पेशीच असतात. या प्रमाणाला हिमॅटोक्रिट म्हणतात. एवढ्या दाटीत द्रवाला वर यायला अरुंद बोळ मिळतात आणि अडथळा मोठा होतो. रक्तक्षयात हिमॅटोक्रिट २५ वर आले, की गर्दी ओसरते, वाटा रुंद होतात, आणि तितक्याच आकाराची चवड बिनधास्त खाली धावते. दाह मुळीच वाढलेला नसताना ई. एस. आर. वाढतो.

किती वाढतो? रिचर्डसन आणि झाकी या रसायन-अभियंत्यांनी १९५४ मध्ये द्रवात दाटीने पडणाऱ्या कणांसाठी एक नियम दिला. मिश्रणातील मोकळ्या द्रवाचा अंश घेऊन त्याचा सुमारे ४.६५ वा घात करावा. एकट्या कणाच्या वेगाचा तितका भाग शिल्लक राहतो. सायट्रेट मिसळल्यावर ४५ टक्क्यांचे ३६ होतात, म्हणजे द्रव ०.६४, त्याचा घात सुमारे ०.१३ येतो. २५ चे मिसळणीनंतर २० होतात, म्हणजे द्रव ०.८०, त्याचा घात सुमारे ०.३५ येतो. दोन्हींतले प्रमाण पावणेतीन पटींच्या घरात आहे. हा नियम टणक, सारख्या गोळ्यांसाठी आहे आणि तांबडी पेशी टणकही नाही व गोळाही नाही. तेव्हा या हिशेबाकडे काटेकोर उत्तर म्हणून पाहू नये. पण केवळ गर्दी कमी होण्याने केवढा फरक पडू शकतो, याचा अंदाज त्यावरून येतो.

मात्र ‘रक्तक्षयात ई. एस. आर. वाढतो’ एवढे पाठ करून भागत नाही, कारण सगळे रक्तक्षय सारखे नसतात. लोहाच्या अभावाने होणाऱ्या रक्तक्षयात पेशी संख्येने कमी होतातच, शिवाय आकाराने लहान आणि फिकट होतात. लहान पेशी हळू पडते. म्हणजे गर्दी कमी झाल्याने वेग वाढतो आणि आकार घटल्याने काही अंशी कमी होतो; दोन बैल गाडी दोन दिशांना ओढतात आणि गाडी मधेच कुठेतरी थांबते. उलट, ब-१२ जीवनसत्त्व किंवा फॉलिक आम्ल कमी पडले, तर पेशी कमी पण मोठ्या होतात आणि दोन्ही कारणे एकाच दिशेने ओढतात.

तिसरा प्रकार आणखी वेगळा आहे. सिकलसेल रोगात पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. वाकड्यातिकड्या भाकरींची चवड रचता येते का? तशीच या पेशींचीही चवड नीट रचली जात नाही. म्हणून रक्त फार कमी असूनही ई. एस. आर. कमी राहतो, आणि अशा रुग्णाला जंतुसंसर्ग झाला तरी आकडा फारसा न चढता आपल्याला गाफील ठेवतो. भारतात हा रोग लेहमन आणि कटबुश यांनी १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत प्रथम नोंदवला. महाराष्ट्रात विदर्भ आणि नंदुरबारकडील आदिवासी भागांत तो मोठ्या प्रमाणावर आहे. तेथील डॉक्टरांना ‘ई. एस. आर. स्वाभाविक आहे’ या शब्दांनी निश्चिंत होता येत नाही.

दुरुस्तीचे कोष्टक

रक्तक्षयाचा हिस्सा वजा करून दाहाचा खरा हिस्सा काढता येईल का? हा प्रयत्न जुना आहे. अमेरिकेतील मॅक्सवेल विंट्रोब आणि लँड्सबर्ग यांनी १९३५ मध्ये १०० मिलिमीटरच्या आखूड नळीची आपली पद्धत मांडली, तेव्हा हिमॅटोक्रिटनुसार आकडा दुरुस्त करण्याचा आलेखही दिला. पुढे फॅब्री याचे एक सुटसुटीत सूत्र आले : मिळालेल्या ई. एस. आर.ला १५ ने गुणावे, आणि ५५ मधून हिमॅटोक्रिट वजा करून जे उरेल त्याने भागावे. हिमॅटोक्रिट ४० असेल तर आकडा तसाच राहतो. २५ असेल तर निम्मा होतो.

हे सूत्र कसे वाचावे, ते दोन उदाहरणांनी सांगतो. काही वर्षांपूर्वी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला खानापूरकडची एक मुलगी होती. वसतिगृहात राहायची. जिना चढला की धाप, सतत थकवा, अधूनमधून कणकण. रक्त तपासले, तेव्हा ई. एस. आर. ४२ निघाला. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या सांगितल्या होत्या. पण गावाने त्याआधीच निकाल दिला. तिचे वडील मला भेटायला आले आणि म्हणाले, “सर, क्षय झालाय म्हणतात सगळे. पोरीला घरी न्यावं म्हणतो. शिकून काय करायचं आता?” मी रिपोर्ट पाहिला. हिमोग्लोबिन ८.२, हिमॅटोक्रिट २६. ४२ गुणिले १५, भागिले २९. उत्तर २२ च्या आत. म्हणजे तिच्या वयाच्या मर्यादेच्या किंचित वर. मी वडिलांना हे गणित कागदावर करून दाखवले, आणि हेही सांगितले की गणिताने रोग नाकारता येत नाही, राहिलेल्या तपासण्या कराच. त्या झाल्या. छातीचा फोटो स्वच्छ होता, थुंकीत काही नव्हते, दाह दाखवणारी सी. आर. पी. चाचणी स्वाभाविक होती. फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याचे माप, अगदी तळाला गेलेले होते. मासिक पाळीत फार रक्त जात होते आणि ते तिने कुणालाच सांगितलेले नव्हते. पाळीवर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६ झाले आणि ई. एस. आर. १६. मुलगी परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. माझ्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ, वय ६६. पाठ दुखत असे, रक्त कमी होते, ई. एस. आर. ११०. “रक्त कमी आहे, म्हणून आकडा मोठा दिसतो,” असे घरात कुणीतरी वाचलेले सांगितले आणि सगळे निर्धास्त झाले. त्यांचे हिमॅटोक्रिट २९ होते. ११० गुणिले १५, भागिले २६, उत्तर ६३. वयाच्या हिशेबाने मर्यादा ३३. रक्तक्षयाचा वाटा काढून टाकला, तरी जवळजवळ दुप्पट शिल्लक! पुढे तपासण्यांत मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतील पेशींचा कर्करोग, निघाला. त्यात एकाच जातीचे ग्लोब्युलिन रक्तात बेसुमार वाढते आणि पेशींच्या चवडीवर चवडी रचते. शंभराच्या पुढचा ई. एस. आर. एकट्या रक्तक्षयाच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नये, हा धडा त्यातून घ्यावा.

मग हे सूत्र प्रत्येक रिपोर्टावर का छापत नाहीत? कारण वर सांगितलेच : सूत्राला पेशींची संख्या कळते, त्यांचा आकार आणि घडण कळत नाही. त्यात नळी जरा तिरपी राहिली, खोली तापलेली असली, किंवा रक्त चार-पाच तास पडून राहिले, तरी आकडा बदलतो. नळी केवळ तीन अंशांनी कलली, तर तो ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. ज्या आकड्यात मुळातच इतकी ढिलाई आहे, त्याला दशांशापर्यंत दुरुस्त करण्यात अर्थ नाही. सूत्राने दिशा कळते. निकाल मिळत नाही.

कारण कोणते आणि कार्य कोणते?

आता या विषयातली सर्वांत अवघड गाठ. रक्तक्षय ई. एस. आर. वाढवतो, हे आपण पाहिले. पण ज्या दाहामुळे ई. एस. आर. वाढतो, तोच दाह रक्तक्षयही घडवून आणतो! क्षय, संधिवात, जुनाट जंतुसंसर्ग, कर्करोग अशा आजारांत दाहाचे संदेश यकृताला पोहोचतात आणि यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते. त्याचा शोध या शतकाच्या अगदी आरंभी लागला. हेप्सिडिन वाढले की आतड्यातून लोह शोषले जात नाही, आणि साठ्यातले लोह कोठारातच कुलूपबंद होते. लोह आहे, पण अस्थिमज्जेला मिळत नाही. घरात धान्य असून चूल पेटत नाही, अशी ही अवस्था. अशा रुग्णात कमी हिमोग्लोबिन आणि वाढलेला ई. एस. आर. ही एकाच आईची दोन लेकरे असतात.

म्हणून रक्तक्षय आणि वाढलेला ई. एस. आर. असा जोडरिपोर्ट हाती आला, की तीन शक्यता मनात धराव्यात. एक, केवळ रक्त कमी असल्याने आकडा चढला असेल. दोन, एखादा दीर्घ आजार असेल आणि त्यानेच रक्तही कमी केले असेल. तीन, दोन्ही स्वतंत्रपणे नांदत असतील. यांतली कोणती खरी, हे ई. एस. आर. सांगू शकत नाही. ते सांगायला डॉक्टर इतर साक्षीदार बोलावतात. सी. आर. पी. हे प्रथिन पेशींच्या गर्दीवर अवलंबून नसते. म्हणून रक्तक्षयाने ते बिघडत नाही. दाह सुरू झाल्यावर काही तासांत ते चढते आणि दाह शमल्यावर दोन-तीन दिवसांत बरेचसे उतरते, तर फायब्रिनोजेन उतरायला बराच अधिक काळ लागतो. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकातून पाहिले, की पेशी लहान की मोठ्या, फिकट की विळ्यासारख्या, हे दिसते. फेरिटिन लोहाचा साठा सांगते. पण दाहात तेही चढते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांत १५ ही जी खालची मर्यादा धरते, ती संसर्ग किंवा दाह असताना ७० पर्यंत वर नेते. एका साक्षीदाराच्या जबानीवर खटला निकालात काढू नये, हेच खरे.

आपल्यापुरते काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या मर्यादेत आढळल्या. कर्नाटकात हे प्रमाण ४७.८ टक्के आणि महाराष्ट्रात ५४.२ टक्के होते. १५ ते १९ वर्षांच्या मुलींत ते देशभरात ५९ टक्के, म्हणजे आपल्या वर्गात बसणाऱ्या मुलींच्या वयातच सर्वाधिकांच्या पंक्तीला. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा आणि पुरुषाचे १३ पेक्षा कमी असले, की तो रक्तक्षय समजतात. या आकड्यांचा आपल्या विषयाशी संबंध उघड आहे. अशा समाजात कुणाही मुलीचा ई. एस. आर. ३०-४० येणे नवलाचे नाही. नवल हे की, आपण त्या आकड्याला घाबरतो, आणि शेजारच्या ओळीतल्या ८ किंवा ९ हिमोग्लोबिनला “मुलींचं असतंच कमी” म्हणून सोडून देतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, रिपोर्ट हाती आला की प्रथम हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट पाहा, मग ई. एस. आर. पाहा, आणि दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. ई. एस. आर. उतरवण्याचे औषध मागू नका. असे औषध नसते. आकडा उतरतो तो त्याचे कारण दूर झाले म्हणजे. हिमोग्लोबिन कमी असेल, तर ते का कमी आहे हे विचारा : पाळीत जास्त रक्त जाते का, पोटात कृमी आहेत का, आहारात लोह आहे का, ब-१२ कमी आहे का, की आत काही जुनाट दुखणे आहे. लोहाच्या गोळ्या मिळाल्या तर चहाबरोबर घेऊ नका, लिंबाच्या सरबताबरोबर घ्या. आणि हिमोग्लोबिन वर आले म्हणून लगेच बंद करू नका, साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात. ताप हटत नसेल, वजन घटत असेल, खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल, तर ई. एस. आर. कितीही सभ्य दिसो, तपासणी टाळू नका.

सव्वाशे वर्षांपूर्वीची ही परीक्षा अजून टिकून आहे, कारण ती स्वस्त आहे, आणि संधिवातासारख्या दुखण्याची चाल तिच्यावरून कळते. तिला मोडीत काढा असे मी म्हणत नाही. तिच्याकडून तिला ठाऊक आहे तेवढेच विचारावे. नळीतल्या पेशी किती वेगाने खाली गेल्या, हे तिला ठाऊक असते. त्या दाहामुळे धावल्या की वाट मोकळी होती म्हणून धावल्या, हे आपण शेजारचा आकडा वाचून ठरवायचे असते.